हमीदा बानूचा शड्डू

मराठी मुस्लिमांच्या साहित्यात आणि चळवळीत स्त्रीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचे शिक्षण, तिचा तलाक, तिची पोटगी, तिचा पडदा यांवर आपण चर्चासत्रे घेतली, ठराव केले, विशेषांक काढले. ते सारे आवश्यकच होते. मात्र या चर्चेत एक विषय सहसा आला नाही, तो म्हणजे तिच्या शरीराची ताकद. स्त्री कविता करते, शाळा चालवते, कोर्टात दाद मागते हे आपण अभिमानाने सांगितले. ती वजन उचलते, आणि आनंदाने उचलते, हे सांगण्याची वेळ आपल्यावर फारशी आली नाही.

आज ती वेळ आली आहे. अंधेरी, जोगेश्वरी, मालाड, बोरिवली, तिकडे कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत व्यायामशाळांतून बायकांसाठी वेगळी वेळ राखलेली दिसते. मुलांना शाळेत सोडून आलेल्या गृहिणी, महाविद्यालयातल्या मुली, बँकेत किंवा दवाखान्यात नोकरी करणाऱ्या स्त्रिया तेथे येतात. त्यांच्यात बुरखा खुंटीला टांगून डंबेल हाती घेणाऱ्या आपल्या लेकी-सुनाही आहेत. त्यांच्याविषयी मोहल्ल्यात जे बोलले जाते तेही आपल्या कानावर येते. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, हे बाहेरून आलेले खूळ आहे, हे बायकांचे काम नव्हे, आपल्यात असे कधी नव्हते!

आपल्यात असे कधी नव्हते, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. मध्य रेल्वेने घाटकोपर, मुलुंड मागे टाकून ठाणे ओलांडले, की मुंब्रा येते आणि त्यापुढे कल्याण. त्या कल्याणमध्ये १९८६ साली एक वृद्ध मुस्लिम स्त्री वारली. आयुष्याच्या उत्तरार्धात ती तेथे दूध विकत होती. पुढे हात आखडला तेव्हा रस्त्याच्या कडेला घरी केलेले खाद्यपदार्थही तिने विकले. एके काळी तिची कुस्ती पाहण्यासाठी हजारो लोकांनी मुंबईत गर्दी केली होती. तिचे नाव हमीदा बानू. ४ मे २०२४ रोजी गुगलने आपल्या पहिल्या पानावर तिचे चित्र झळकवले, तेव्हा आपल्यातील अनेकांनी ते नाव प्रथमच ऐकले. आपल्या शेजारच्या गावात राहून गेलेल्या स्त्रीची ओळख आपल्याला परदेशी कंपनीने करून द्यावी, यावर आपण थोडा विचार केला पाहिजे.

तालमीचा उंबरठा

हमीदा बानूंनी काय केले हे समजण्यासाठी त्या काळची तालीम डोळ्यांसमोर आणली पाहिजे. महाराष्ट्रात तालमीची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. हिंदू आणि मुस्लिम मल्ल एकाच तांबड्या मातीत घुमले, एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकले. जोर, बैठका, मुद्गल, करेल, दगडी गोटी, नाल ही त्यांची व्यायामाची साधने. आजच्या व्यायामशाळेत लोखंडी वजनांनी जे साधले जाते तेच या साधनांनी साधले जात असे. स्नायूंवर भार टाकायचा, तो हळूहळू वाढवायचा, मग खुराक आणि विश्रांती द्यायची, हा तो नियम.

पण या परंपरेचा उंबरठा स्त्रीने ओलांडायचा नव्हता. पुढे व्यायाममंदिरांतून मुलींना दोरीचा मल्लखांब मिळाला, लेझीम मिळाली. लाल मातीचा हौदा मात्र पुरुषांचाच राहिला. याचा अर्थ स्त्रिया वजन उचलत नव्हत्या असा मुळीच नाही. जाते ओढणे, उखळात मुसळ घालणे, पाट्यावर मसाला वाटणे, डोक्यावर लाकडाची मोळी वाहणे हे सगळे त्याच करीत होत्या. १५ लिटर पाण्याचा हंडा म्हणजे १५ किलो वजन, त्यात हंड्याचे वजन वेगळे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत असे हंडे घेऊन चढणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांच्या कष्टांना कोणी आक्षेप घेतला नाही. आक्षेप आला तो स्त्रीने स्वतःच्या इच्छेने, स्वतःसाठी ताकद कमवायची ठरवली तेव्हा.

अलीगढहून मुंबईला

हमीदा बानूंचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूरचा. तेथून त्या अलीगढला आल्या आणि सलाम पहिलवान यांच्याकडे कुस्तीचे धडे गिरवू लागल्या. वर्तमानपत्रांनी पुढे त्यांना ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हटले. पुरुषांशी, पुरुषांच्याच नियमांनी त्या लढत असत.

मुंबईशी त्यांचा संबंध १९४० च्या दशकातच आला होता. १९४४ साली येथे गूंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिलेल्या वृत्तानुसार सुमारे २० हजार प्रेक्षक जमले होते. प्रतिस्पर्ध्याने जास्त पैशांची आणि तयारीसाठी जास्त वेळाची मागणी केली, म्हणून ऐनवेळी कुस्ती रद्द झाली. संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात मोडतोड केली. दुसरे महायुद्ध चालू असताना, धान्याची टंचाई असताना, २० हजार माणसे एका मुस्लिम स्त्रीची कुस्ती पाहायला घराबाहेर पडली होती. त्या काळची मुंबई किती मोकळी होती आणि तिला किती कुतूहल होते, हे यावरून कळते.

१९५४ हे वर्ष त्यांच्या कीर्तीचे शिखर. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिले की जो पुरुष मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल त्यांनी चीत केले. मे महिन्यात त्या बडोद्याला गेल्या. तेथे छोटे गामा पहिलवानाने ऐनवेळी माघार घेतली, म्हणून बाबा पहिलवान समोर आले. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली. त्याच वर्षी मुंबईत ‘रशियन अस्वल’ म्हणून गाजलेल्या व्हेरा चिस्टिलिन या स्त्री मल्लाला त्यांनी एका मिनिटाच्या आत हरवले आणि आपण युरोपात कुस्त्या करायला जाणार असल्याचे जाहीर केले. तोवर ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता.

त्यांच्या खुराकाचे वर्णन वर्तमानपत्रांनी मोठ्या चवीने छापले. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, पाव किलोहून जास्त बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी आणि वर बिर्याणीच्या दोन थाळ्या. सहा तास व्यायाम, नऊ तास झोप. हे आकडे वाचून हसू येते. पण घरातल्या सगळ्यांचे जेवून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या आपल्या आया-आज्या आठवल्या म्हणजे त्यामागची गोष्ट लक्षात येते. भुकेइतके खाणे, थकव्याइतकी झोप आणि ताकदीइतका व्यायाम या तिन्ही गोष्टी त्या काळच्या एका स्त्रीने उघडपणे घेतल्या, हे विलक्षण होते.

कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या उर्दू कथेतही हमीदा बानूंचा उल्लेख येतो. म्हणजे उर्दू साहित्याने त्यांची नोंद घेतली होती. मराठी मुस्लिम साहित्याकडून ती घ्यायची राहिली होती.

ताकद होती, मुखत्यारी नव्हती

इथवरची कहाणी गौरवाची आहे. पण इतिहास लिहिताना गौरवापाशी थांबून चालत नाही. हमीदा बानूंच्या वाटेत कोण कोण आडवे आले, तेही पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात रामचंद्र साळुंखे या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतल्यामुळे ती रद्द झाली. दुसऱ्या एका वेळी पुरुष मल्लाला हरवल्याबद्दल प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, दगड मारले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. काहींनी त्यांच्या कुस्त्या आधीच ठरवलेल्या असतात असे म्हटले. कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नसून, आयोजक त्यांच्यासमोर खोटे प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी असल्यामुळे आहे, असे उत्तर त्यांना मिळाले.

या आरोपात तथ्य असेलही. व्यावसायिक कुस्तीत त्या काळी असे प्रकार होत असत आणि पुरुषांच्या कुस्त्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. आम्हाला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. हमीदा बानूंनी कोणाशी लढायचे हे आयोजक ठरवीत. लढायचे की नाही हे संघटना आणि सरकार ठरवीत. आणि शेवटी परदेशी जायचे की नाही, तेही त्यांच्या हाती राहिले नाही. त्यांच्या नातवाने सांगितलेल्या आठवणीनुसार सलाम पहिलवान यांना युरोपचा बेत पसंत नव्हता आणि त्यांनी मारहाण करून हमीदा बानूंचे हात मोडले. शेजाऱ्यांच्या आठवणीत त्या उभ्याही राहू शकत नव्हत्या आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना काठीशिवाय नीट चालता येत नव्हते. ज्या स्त्रीला आखाड्यात कोणी पाडू शकले नाही, तिला घरात पाडले गेले.

पुढे सलाम पहिलवान अलीगढला परतले. हमीदा बानू कल्याणमध्येच राहिल्या. दुधाचा धंदा, घरे भाड्याने देणे आणि शेवटी रस्त्यावरची विक्री असे त्यांचे दिवस गेले. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव येणे केव्हाच बंद झाले होते.

म्हणून आम्हाला वाटते की हमीदा बानूंचे चरित्र हे केवळ एका बलवान स्त्रीचे चरित्र नाही. त्यांच्याकडे ताकद होती, पण त्या ताकदीची मुखत्यारी त्यांच्याकडे नव्हती. स्वतःच्या शरीराचे काय करायचे हे स्वतः ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही, तर मोठ्यात मोठे बळही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

दरवाजे उघडले ते नंतर

हमीदा बानू १९८६ साली गेल्या. स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली. त्याच वर्षी अमेरिकेत डेटोना बीच येथे स्त्रियांची पहिली जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. जगाने दार उघडले ते त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे वेटलिफ्टिंग २००० साली सिडनीत आले आणि तेथेच कर्णम मल्लेश्वरी हिने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. स्त्रियांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये आली २००४ साली, बडोद्याच्या त्या कुस्तीनंतर बरोबर ५० वर्षांनी.

महाराष्ट्रातील मुलींनीही हा रस्ता धरला. सांगलीच्या काजोल सरगर हिने २०२२ साली पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण जिंकले. तिच्या वडिलांची पानटपरी आहे. मावळातील वडगावच्या हर्षदा गरुड हिने त्याच वर्षी मे महिन्यात ग्रीसमध्ये ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलले आणि ज्युनिअर जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय वेटलिफ्टर ठरली. या मुली सामान्य घरांतल्या आहेत. श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पोशाखाचा प्रश्नही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. अमेरिकेत वाढलेल्या कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या संगणकशास्त्रज्ञ स्त्रीला २०१० साली अंग झाकणाऱ्या पोशाखामुळे राष्ट्रीय स्पर्धेत उतरता आले नाही. कोपर आणि गुडघा पंचांना दिसला पाहिजे, असा नियम होता. कारण कोपर पूर्ण सरळ झाले की नाही यावरच वजन उचलले की नाही हे ठरते. कुलसूम यांनी भांडण न करता मुद्देसूद निवेदन दिले. अंगाबरोबर बसणारा कपडा असला तर सांध्याची हालचाल तरीही दिसते, हे त्यांनी पटवून दिले. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने नियम बदलला आणि त्या वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्या पाकिस्तानच्या वतीने उतरल्या. आपल्याकडे केरळच्या मजीजिया भानू हिने हिजाब घालूनच पॉवरलिफ्टिंगमध्ये नाव कमावले. पोशाख कोणता घालायचा हे त्या त्या स्त्रीने ठरवावे. पोशाखाचे निमित्त करून तिला दारातून परत पाठवणे मात्र आता कोणाला शोभणारे नाही.

उपनगरातली बाई आणि तिचा डंबेल

पदके जिंकणाऱ्या थोड्याच असणार. आम्हाला काळजी आहे ती बाकीच्या बायकांची. आपल्या घरातल्या चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांकडे पाहा. नमाजच्या सज्द्यातून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. पुढे पुढे खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते. रेल्वेचा पूल चढताना मधेच थांबावे लागते. हे वयाचे भोग म्हणून आपण सोडून देतो. पण यातला बराच भाग वयाचा नसून अशक्त झालेल्या स्नायूंचा असतो.

वजन उचलण्याचे शास्त्र साधे आहे. स्नायूवर पेलवेल त्यापेक्षा किंचित जास्त भार टाकला की शरीर तो स्नायू अधिक बळकट करते. स्नायू हाडाला ओढतो, त्या ओढीने हाडही घट्ट राहते. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत स्त्रीच्या हाडांची झीज वेगाने होते, म्हणून तिला याची गरज पुरुषापेक्षाही अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस शरीराच्या सर्व मोठ्या स्नायूंचे व्यायाम करावेत असे सांगितले आहे. नुसते चालणे पुरेसे नाही, असाच याचा अर्थ. बाईचे शरीर पुरुषी होईल, ही भीतीही निराधार आहे. पुरुषासारखे फुगीर स्नायू येण्यासाठी जे संप्रेरक लागते ते स्त्रीच्या शरीरात फार थोडे असते.

आमच्या घरातल्या बायका दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असे विचारले जाते. घरकाम आणि व्यायाम यांत मोठा फरक आहे. हंडा एकाच कमरेवर येतो, पाठ वाकडी होते, दुखत असले तरी तो उचलावाच लागतो आणि त्याला सुटी नसते. डंबेल दोन्ही हातांना सारखे येते, पाठ सरळ ठेवून उचलायचे असते, वजन आपल्या बेताने वाढवता येते आणि एक दिवस आड विश्रांती मिळते. हंडा तिला झिजवतो, डंबेल तिला घडवतो. आणि त्याहून मोठा फरक असा की हंडा ती घरासाठी उचलते, डंबेल स्वतःसाठी. व्यायामशाळेत जाणाऱ्या स्त्रिया आपल्याला हेच सांगतात. गेल्या महिन्यात जे वजन हलत नव्हते ते आज सहज उचलले, याचा आनंद त्यांना घरातल्या कौतुकापेक्षा मोठा वाटतो. तो एक तास त्या कोणाची अम्मी, कोणाची बहू, कोणाची भाभी नसतात.

धर्माच्या नावाने हरकत घेणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. हजरत आयशा यांनी प्रेषितांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हकीकत हदीसमध्ये आहे. उहुदच्या रणात हजरत नुसैबा अंगावर जखमा झेलून लढल्या. दुबळेपणा हा स्त्रीचा अलंकार आहे, ही कल्पना कोठून आली ते आपणच शोधले पाहिजे.

खरी अडचण धर्माची नाही. ती जागेची, पैशाची आणि वेळेची आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड अशा ठिकाणी गेली. वस्त्या दाट झाल्या, मैदाने उरली नाहीत आणि बाईला घराबाहेर पाठवण्याची धास्ती वाढली. खासगी व्यायामशाळेची फी अनेकींना झेपत नाही. महापालिकेने उद्यानांत उघड्या व्यायामशाळा केल्या. तेथे बुरखा, साडी, सलवार-कमीज अशा सगळ्या पोशाखांतल्या बायका सकाळी व्यायाम करताना दिसतात, ही चांगलीच गोष्ट. पण तेथील यंत्रांवर वजन वाढवण्याची सोय बहुधा नसते आणि शिकवणारे कोणी नसते.

यावर उपाय आपल्या हातात आहेत. प्रत्येक मोहल्ल्यात लग्नाचा हॉल असतो, शाळा असते, जमातीची जागा असते. दुपारी ती रिकामीच असते. चार जोड्या डंबेल, दोन बार, थोडी वजने आणि एक प्रशिक्षित बाई एवढ्यावर बायकांचा वर्ग सुरू होऊ शकतो. वलीम्याच्या एका दावतीच्या खर्चात तो कितीतरी महिने चालेल. उर्दू आणि मराठी शाळांच्या मुलींना कवायतीपलीकडचा व्यायाम मिळावा, यासाठी पालकांनी आग्रह धरावा. आणि घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ मुले सांभाळावीत, स्वयंपाकघरात हातभार लावावा. तिला परवानगी देण्याची भाषा आता पुरे झाली. तिचा वेळ तिला परत दिला तरी खूप झाले.

कल्याणमध्ये हमीदा बानूंना पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम आपल्यातील तरुण लेखकांनी हाती घ्यावे. त्यांच्या नावाचा एखादा पुरस्कार, एखादी मुलींची व्यायामशाळा उपनगरात कोठेतरी उभी राहावी. आपल्या मुलींना कळले पाहिजे की त्या हातात घेत असलेले वजन उसने आणलेले नाही. त्यांच्या आधी एका बाईने याच प्रदेशात शड्डू ठोकला होता. तिच्या हाती जे राहू दिले गेले नाही, ते या मुलींच्या हाती राहील एवढे पाहणे हे आपले काम आहे.